डस्टर नसलेला फळा

आजही मीटिंगमध्ये कुणी "आर यू शुअर?" म्हटलं की माझा हात आधी शर्टाच्या बाहीकडं जातो. लिहिलेलं पुसायला. मग निपाणीची सुजाताक्का आठवते आणि हात जागेवर येतो. माझ्यासारखी अजून बरीच पोरं असतील, पुण्यात, बेंगळूरला, हैदराबादेत. आम्ही सगळे एकाच फळ्यापुढं उभे राहून शहाणे झालो, आणि त्या फळ्याला डस्टर नव्हता.

तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत अक्काचं घर. रस्त्याकडची एक खोली, तिला एक मोठी खिडकी, एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या भिंतीला काळा रंग फासून केलेला फळा. नवीन माणूस आत आला की हमखास शिंकायचा, कारण वखारीतली तंबाखूची धूळ तिथल्या हवेतच असते. अक्का म्हणायची, "शिंकून घे. इंटरव्ह्यूत शिंकण्यापरास हितं शिंकलेलं बरं." आणि तोवर ती खडू घेऊन उभी असायची.

तिचं नाव सुजाता कांबळे. आई विड्या वळायची, वडील वखारीत हमाली करायचे. त्या घरातली ही पोरगी बेंगळूरला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर झाली, आणि पुढं तिथं नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायला बसायला लागली. मग आई गेली. मागोमाग वडलांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं आणि वाचाही गेली. काही दिवस अक्कानं निपाणीतनं काम केलं. कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं तेव्हा तिनं कळवलं, की मी आप्पाला टाकून येत नाही, आणि राजीनामा दिला. गल्ली हळहळली. तिला हळहळणाऱ्यांचा राग यायचा. "मी सोडलंय ते. माझं काय हिसकून घेतलेलं न्हाई कुणी," एवढं बोलून ती विषय बंद करायची.

ती पोरांची मुलाखतीची तयारी करून घेते असं ऐकून मी तिच्याकडं पोचलो, तेव्हा बेळगावचं इंजिनिअरिंग संपवून घरात बसलो होतो. कॉलेजात कंपन्या आल्या आणि मला न घेता गेल्या. का नाही घेतलं ते कुणी सांगत नाही. माझे पेपर चांगले होते, प्रोग्रॅम लिहिता येत होते, पण मुलाखतीत काय व्हायचं कुणास ठाऊक. काका म्हणाले, चल शेतात, तंबाखूची लावण आहे. त्या रागातच मी सायकल काढून अक्काकडं गेलो.

"नमस्कार मॅडम," मी म्हणालो.

"मॅडम नको, अक्का म्हण. आणि ते अहोजाहो भाईर ठेव. ज्याला अहोजाहो करतोस त्याच्याशी भांडणार कसा?"

"मी कशाला भांडू?"

"नोकरी पायजे न्हवं?"

तिनं मला फळ्याकडं ढकललंच. आकड्यांच्या रांगेतला दुसऱ्या नंबरचा मोठा आकडा शोधायचा, एवढा साधा प्रश्न. मी गुपचूप लिहिलं, मागं सरकलो. तिनं फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "नक्की का?"

मी बाहीनं सगळं पुसून टाकलं.

"काय करालायस रं?"

"चुकलंय न्हवं?"

"कोण म्हणालं चुकलंय? बरोबर हुतं ते."

"तूच इचारलीस, नक्की का म्हणून."

"इचारलं. पूस म्हणाले काय?"

खोलीत बसलेली पोरं हसली. माझ्यावर नव्हती हसत ती, प्रत्येकानं पहिल्या दिवशी हेच केलेलं होतं. अक्का मात्र हसली नाही. म्हणाली, "आपल्या घरात थोरलं माणूस 'नक्की का रं?' म्हणालं की त्याचा अर्थ एकच, चुकलास, मागं घे. मास्तर म्हणाले तरी तोच अर्थ. कचेरीतला क्लार्क म्हणाला तरी तोच. आपण पुसायलाच शिकलोय. आणि तिकडं मुलाखत घेणारा खरंच इचारत असतोय, की बाबा तुला तुझ्या उत्तराचं कारण म्हाईत हाय का. मी त्या खुर्चीत बसलेली बाई हाय. आपल्या भागातली पोरं यायची, सोळा आणे उत्तर लिहायची, मी इचारायची, आर यू शुअर, आणि पोरगं पुसून मोकळं. पुसलेल्या उत्तराला मी काय देऊ?"

अशी किती पोरं तिच्या हातनं परत गेली ते तिनं कधी सांगितलं नाही. पण डस्टर त्यापायीच फेकला होता. चूक झाली तर तिच्याभोवती गोल काढायचा आणि खाली नवीन लिहायचं, हा नियम. वर्ग संपला की ओलं फडकं घेऊन ती स्वतः फळा पुसायची, आणि आमच्यातलं कुणी मदतीला उठलं तर हातानंच बस म्हणायची.

दुसरा नियम आप्पांचा. आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. बाहेरनं जाणारे हमाल त्यांना हात करायचे आणि आप्पा डाव्या हातानं परत हात करायचे. अंगात तेवढाच एक हात उरलेला, आणि कानानंही कमी ऐकू यायचं. अक्काचा हुकूम होता, की फळ्यापुढं उभं राहणाऱ्यानं डोक्यात जे चाललंय ते सगळं मोठ्यानं बोलायचं, आणि आप्पांना ऐकू जाईल असं बोलायचं. आवाज खाली गेला की आप्पांचा डावा हात वर. हात वर गेला की पोरानं थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासनं म्हणायचं. त्यांना कोडिंगमधलं काही कळत होतं असं मी म्हणणार नाही, उगाच थापा कशाला मारू? पण पोरगं कुठं घाबरलं ते त्यांना आमच्या आधी कळायचं, कारण घाबरला की माणसाचा आवाजच पहिला खाली जातो. आम्ही गप्प राहून विचार करणारी माणसं. मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नाही या शिस्तीत वाढलेली. आप्पांच्या हातानं आमची ती शिस्त मोडून काढली.

हुक्केरीकडचा एक बसवराज यायचा. दणकट गडी, घरात कन्नड बोलायचा, मराठी मोडकीतोडकी, इंग्रजी तर फळ्यापुढं आल्यावर पळूनच जायची. अक्का त्याला म्हणायची, "हेळप्पा, सांग बाबा, कन्नडमध्येच सांग. आधी डोक्यातलं भाईर काढ, इंग्रजी मागनं येतीय." मग तो कन्नडमध्ये धडाधड बोलत सुटायचा, आणि आप्पा खुशीत मान हलवायचे, कारण आवाज खणखणीत होता. एकदा अक्काला वाटलं, या पोरांना समोरच्याला नावानं हाक मारायची सवय पाहिजे. तिकडं मुलाखत घेणारा नाव सांगतो आणि आपली पोरं सर-सर करत निम्मा वेळ घालवतात. म्हणून तिनं फर्मान काढलं, आज मला सगळ्यांनी सुजाता म्हणायचं. कुणाची जीभ उचलेना. शेवटी बसवराज उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "सुजाता... अक्का."

"अक्का खोड त्यातलं."

"तूच म्हणालीस, खोडायचं न्हाई."

त्या दिवशी अक्का खुर्चीचा आधार घेऊन हसली. ते फर्मान तिथंच मिटलं आणि अक्का अक्काच राहिली.

तिचं शिकवणं असं घरातलं असायचं. कंपन्यांमध्ये एक प्रश्न फार विचारतात, की तिकिटाची यंत्रणा कशी बांधाल. शेवटची एकच सीट आहे, दोघांनी एकदमच बटण दाबलं, आता काय? आम्ही पुस्तकातले जड शब्द घोकून आलो होतो. अक्का म्हणाली, "पुस्तक मिटा. निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली की काय करताय?"

"खिडकीतनं रुमाल टाकतोय."

"रुमाल पडला की सीट त्याची. दुसऱ्यानं बसायचं न्हाई, हे सगळ्यांनी मानलंय. बरं, रुमाल टाकणारा च्या प्यायला गेला आणि आलाच न्हाई, मग? गाडी सुटंपर्यंत सीट रिकामी ठेवायची?"

"न्हाई. कंडक्टर रुमाल उचलतोय."

"कधी उचलतोय? लगेच उचलला तर भांडण, उशिरा उचलला तर माणूस उभा. तेवढंच ठरवायचं हाय तुमाला. रुमाल किती वेळ मानायचा, आणि दुसऱ्याला न्हाई कधी सांगायचं." मोठमोठ्या इंजिनिअरांची तीच डोकेदुखी असते हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आजही असा प्रश्न आला की मला आधी लाल गाडीच्या खिडकीतला रुमाल दिसतो.

मी तिकडं जातो हे घरात कळल्यावर थोरल्या काकीनं चुलीपुढनंच विचारलं, "तिथं च्या पितोस काय रं?" त्या प्रश्नात काय होतं ते आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही.

"व्हय," म्हणालो, "दोन कप. आणि खारी पण खातोय." काकी चार दिवस बोलली नाही. मलाही काही अडलं नाही.

अशातच अक्काच्या स्वतःच्या मुलाखतीची गोष्ट निघाली. एक कंपनी अशी सापडली होती, की तिची सगळीच माणसं घरून काम करतात. तिथं लागलं तर आप्पांना सोडावं लागणार नव्हतं. नाही लागलं तर दोनच रस्ते होते, एक तर आप्पांना बेंगळूरच्या बंद फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं, जिथं खिडकीतनं हात करणारा एकही हमाल नाही, नाहीतर आपल्या शिक्षणाला इथंच गंज चढू द्यायचा. तिनं हे आम्हाला असं मांडून सांगितलं नाही, पण त्या दिवसांत ती स्वतः फळ्यापुढं उभी राहून आप्पांना ऐकू जाईल असं बोलत सराव करायची, त्यावरनं कळत होतं.

माझा मामेभाऊ विनायक पुण्यात नोकरीला. तो आला होता तेव्हा मी मोठेपणानं त्याला अक्काकडं नेलं. त्यानं तिचा बायोडेटा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, हा मधला गॅप. सगळे फ्रीलान्सिंग लिहितात. कोण बघतंय? आणि पत्ता पुण्याचा घाला, माझा घाला पाहिजे तर. निपाणी म्हटलं की त्यांना कळतपण नाही, महाराष्ट्रात की कर्नाटकात."

"ते आपल्या सरकारांना तरी कुठं कळालंय?" अक्का म्हणाली. मग त्याच्या हातातनं कागद परत घेतला. "हे बघा, ती वर्षं मी काय झोपा काढल्या न्हाईत. आप्पाला उचलून बसवायला, भरवायला, पाठीला जखम होऊ न देता ठेवायला शिकले. ते खोडून तिथं खोटं लिहू? आणि या पोरांना काय तोंडानं सांगू, पुसू नका म्हणून?" बायोडेट्यात त्या वर्षांपुढं तिनं साधं लिहिलं होतं, वडलांची शुश्रूषा, निपाणी. तेच ठेवलं. विनायक परतताना मला म्हणाला, "बाई हुशार आहे रे, पण व्यवहार नाही." मला त्याचा फार राग आला होता. अजूनही आहे थोडा.

शेवटची फेरी सकाळी होती. लॅपटॉप स्टीलच्या डब्यांवर ठेवलेला. लाइट गेली तर मोबाइलचं नेट चालू करायला बसवराज, आणि आप्पांजवळ मी. आप्पा रोजच्या जागी, खिडकीपाशी, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला, म्हणजे अक्काला समोर दिसत होते आणि कंपनीला दिसत नव्हते.

बोलणं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो. विचारणारा तिच्याहून बराच लहान असावा, पण सभ्य होता. प्रश्न तिकिटांच्याच जातीचा निघाला. बसवराजनं माझ्याकडं बघून खिशातला रुमाल हळूच वर काढून दाखवला. अक्कानं इंग्रजीतनं त्या माणसाला निपाणीचा स्टँड, खिडकी, रुमाल आणि कंडक्टर सगळं सांगितलं, आणि त्यावर तिची यंत्रणा उभी केली. तो म्हणाला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणं बरोबर वाटतं का, आर यू शुअर?

"शुअर," अक्का म्हणाली. "नाही म्हटलेलं माणूस विसरतो. पैसे भरून उभा राहिलेला विसरत नाही." आणि कारणं सांगितली. तो लिहून घेत होता, कीबोर्डचा आवाज येत होता.

मग त्यानं विचारलं, हा मधला काळ, त्यात तुम्ही काय करत होता?

आणि अक्काचा आवाज खाली गेला. मी कधीच ऐकला नव्हता तिचा तसला आवाज. पुटपुटल्यासारखं ती काहीतरी म्हणाली, घरची कारणं वगैरे. आम्हाला शिकवणारी, विनायकला वाटेला लावणारी बाई, आणि तिचाही आवाज शेवटी तिथंच अडकला, जिथं आमचा अडकायचा.

आप्पांचा डावा हात वर गेला.

त्यांना काय माहीत, कुणाबद्दल विचारलंय. समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू आलं नाही, म्हणून हात वर. अक्कानं तो हात बघितला. ती थांबली. सरळ बसली. आणि नियमाप्रमाणं वाक्य पहिल्यापासनं म्हणाली, भिंतीपलीकडं जाईल अशा आवाजात. "मी माझ्या वडलांना सांभाळत होते. ते आत्ता माझ्यासमोर बसलेत. ते काम मला चांगलं जमलं, आणि ते करत असताना मी इथल्या पोरांना तुमच्यासारख्या कंपन्यांसाठी तयार केलं." हात खाली आला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिथं असतानाच कंपनीतल्या बाईंचा फोन आला. अक्कानं तो स्पीकरवर घेतला. तुमची निवड झाली आहे म्हणाल्या, आणि बसवराजनं माझ्या पाठीत बुक्कीच घातली. पण, त्या पुढं म्हणाल्या, मधल्या काळामुळं तुम्हाला एक पायरी खालच्या पदावर घेतोय, वर्षभरानं बघू.

अक्का खिडकीकडं बघत राहिली. आप्पा बाहेर कुणालातरी हात करत होते. घरात पैशाची किती ओढाताण होती ते मला दिसत होतं, पंखा बंद पडलेला, आप्पांची औषधं कपाटावर. घे म्हणावंसं वाटत होतं. घे, अक्का, काय फरक पडतोय एका पायरीनं.

"मुलाखतीत माझं काम कमी वाटलं का?" तिनं विचारलं.

तसं नाही, काम उत्तम होतं, त्या म्हणाल्या.

"मग खालची पायरी मी घेणार नाही. काम कळतं म्हणून घेताय तर कामाची पायरी द्या. ती वर्षं माझ्या वडलांची होती. त्यांचा दंड मी भरणार नाही."

त्या बाई म्हणाल्या, "आर यू शुअर?"

आम्ही सगळे फळ्याकडं बघायला लागलो, का ते सांगता येत नाही.

"येस," अक्का म्हणाली. "आय ॲम शुअर."

तो फोन परत आला नाही. गल्लीत लोक बोलले. आमची काकीसुद्धा, जी तिच्या घरचा चहा चालवून घेत नव्हती, तिला एकदम अक्काची काळजी वाटायला लागली, "असला माज बरा न्हवं बाई." मी अक्काला सांगितलं तर म्हणाली, "माज म्हण. आमच्या घरात पहिल्यांदाच आलाय, ऱ्हाऊ दे की थोडे दिस." त्या रविवारी तिनं मुलाखतीतला प्रश्न आणि तिचं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं आणि म्हणाली, चूक दाखवा. आम्ही सगळी सकाळ शोधत बसलो. चूक नव्हती. ते दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मधे बसवराज नोकरीला लागला, मीही लागलो, आणि अक्का तिथंच होती. पुढं बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीनं तिला घेतलं, घरून, तिच्याच पायरीवर. मला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "आप्पाला मोठ्यानं सांगितलं. दोनदा हात वर केला गड्यानं, तिसऱ्यांदा कळलं."

आप्पा गेले तेव्हा मी बेंगळूरला होतो, जाणं झालं नाही. नंतर गावी आलो तेव्हा रविवार होता, न कळवताच तिच्याकडं गेलो. दार उघडंच होतं. फळ्यापुढं एक बारीकशी मुलगी उभी होती, हातात खडू, लिहून झालेलं. खिडकीपाशी आप्पांची खुर्ची तिथंच होती आणि त्या खुर्चीत अक्का बसलेली, माझ्याकडं पाठ करून. केस बरेच पिकले होते. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"नक्की का गं?" अक्कानं विचारलं.

मुलीचा हात ओढणीच्या टोकाकडं गेला. पुसतीय आता, मला वाटलं. पण हात अर्ध्यातनं परत आला आणि ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटली.

अक्कानं डावा हात वर केला. उजवा मांडीवर तसाच ठेवून, डावा.

मुलीनं मान वर केली. "व्हय," ती मोठ्यानं म्हणाली, "नक्की." गल्लीत पोतं घेऊन चाललेल्या एका हमालानंही वळून बघितलं. अक्काचा हात सावकाश खाली आला.